विंचवाला कांदा लावण्यात किती वेळ घालवायचा?

भातकापणी तोंडावर आली. आता पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातील, गडग्याचे जांभे हलतील, पावसाळ्यात रचून ठेवलेली लाकडं ओढली जातील, आणि कुणाच्या तरी बोटाला काहीतरी चावणारच. म्हणून आज पिकाचं बाजूला ठेवून या घरगुती औषधांबद्दल जरा स्पष्ट लिहितो. काहींना राग येईल, येऊ दे.

आमच्याकडे चावलं की कांदा, चुना, हळद, तुळशीचा रस, विळ्याचं पातं घासणं, आणि कुणी कुणी रॉकेलसुद्धा. मधमाशी असो, गांधीलमाशी असो की विंचू, औषध तेच. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आज्यापासून लावतोय, गुण येतो."

गुण येतो ते खरं आहे. पण मावा पडला, कुणी काहीतरी फवारलं, दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला आणि मावा धुऊन गेला, तर श्रेय कुणाला द्यायचं? शेजारी न फवारलेला वाफा ठेवला असेल तरच कळेल ना! कृषी सहायक आपल्याला हेच तर सांगतात. मधमाशीचं दुखणं बहुतेकांचं काही तासांत आपोआप उतरतं. कांदा लावला तरी, न लावला तरी. आणि विष सुईसारख्या नांगीतून कातडीच्या खाली गेलेलं असतं. खोडकिडा आत शिरल्यावर पानावर राख टाकण्यातला प्रकार आहे हा. मधमाशीचं विष आम्ल म्हणून सोडा, गांधीलमाशीचं उलटं म्हणून लिंबू, हे शाळेतलं गणितही याच कारणाने जमत नाही.

मग मधमाशीला काय करायचं? तिचा काटा विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो आणि पिशवी विष ढकलत राहते. तो लगेच काढा. नखाने, विळ्याच्या पाठीने, कसाही. चिमटा शोधायला घरी जाऊ नका. मग साबणाने धुऊन माठाच्या पाण्याचं ओलं फडकं ठेवा. बस्स. चुना मात्र नकोच, लहान मुलांच्या कातडीला भाजतो, डोळ्यात गेला तर डोळा जायचा. ओली माती तर जखमेवर लावायची वस्तूच नाही, धनुर्वाताची भीती असते. आग्या मोहोळ उठलं तर हात न झटकता पळत सुटा. चिरडलेल्या काट्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासावर बाकीच्या माश्या येतात. डंख खूप झाले असतील, किंवा एकाच डंखाने अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, चक्कर आली, तर फडकं टाका आणि गाडी काढा. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, आणि मिनिटं मोजायची असतात.

आता विंचू. माझा खरा राग इथे आहे.

लोक काळ्या इंगळीला घाबरतात, कारण ती हातभर वाटते. जीव घेतो तो लहानसा लाल विंचू. त्याच्या विषाने अंगात ॲड्रेनालिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि फुफ्फुसात पाणी भरतं. दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार पडणं या त्याच्या खुणा. लहान मुलग्यांत लिंग ताठ राहतं, तीही खूणच आहे, लाजून डॉक्टरांपासून लपवू नका. आणि ठणका कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नुसतं ठणकणारा माणूस बहुतेक वेळा निभावतो, ठणका बेताचा पण घामाने भिजून गार पडलेला माणूस धोक्यात असतो.

यावरचा उपाय आपल्या रायगडातच सापडला. 1970 च्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रात्र रात्र अशा पेशंटजवळ बसले, आणि पुढे महाडमध्ये रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून माणसं वाचवून दाखवली. लॅन्सेटमध्ये ते छापून आलं, 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली. आता प्रतिविषही आहे. पण ही औषधं वेळेत पोचली तर. गोळी घरात आणून मनाने देऊ नका, तिने रक्तदाब एकदम खाली येतो, ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

मागच्या वर्षी आमच्या वाडीतलं एक पोरगं दोन तास विंचू उतरवणाऱ्याच्या ओटीवर होतं. तालुक्याला नेईस्तोवर धाप लागली होती. वाचलं. पण ते दोन तास कुणी दिले? आपणच. वाटेतल्या दवाखान्यात गोळी नव्हती, हेही खरं.

लावायचाच असेल तर कांदा गाडीत बसून लावा, माझी हरकत नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी विचारणार आहे: आपल्या केंद्रात प्राझोसिनच्या गोळ्या आज किती आहेत, ॲड्रेनालिन आहे का, आणि रात्री दार कोण उघडतं. तुमच्याकडेही विचारा, काय उत्तर मिळतं ते मला कळवा. आणि उडवीत हात घालण्याआधी काठीने दोनदा ठोका.