आवाजाची अमानत

घरातील जुना कॉम्प्युटर, सीडींचा डबा आणि कपाटातले दोन-चार पेनड्राइव्ह एकत्र केले, तर आवाजांचा केवढा साठा निघतो! कारी साहेबांची तिलावत, हम्द, नात, कव्वाल्या, रमजानमधील बयान, लग्नात घरच्या बायकांनी म्हटलेली गाणी आणि एखाद्या फाइलीत मरहूम दादाजानची दुआ. मग सुट्टीत मुले विचारतात, "अम्मी, यातलं निम्मं मोबाइलवर वाजतच नाही. डिलीट करू?"

डिलीट करू नका. बहुतेक वेळा फाइल खराब झालेली नसते, फक्त तिचे स्वरूप जुने झालेले असते. विंडोज एक्सपीच्या काळात मीडिया प्लेअरने सीडी उतरवली की फाइल सहसा डब्ल्यूएमए स्वरूपात बनत असे. जुन्या मोबाइलमधील रेकॉर्डिंग एएमआर स्वरूपात असे. व्हॉट्सॲपवरील आवाजी निरोप ओपस नावाच्या पद्धतीने साठवले जातात. कारमधील किंवा स्वयंपाकघरातील छोट्या स्पीकरला मात्र बहुधा एमपी३ एवढेच कळते. म्हणून स्वरूप बदलावे लागते आणि हजारभर फाइलींचे हे काम आता एका संध्याकाळी होते. पण सुरुवात करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी.

सीडीवर आवाजाची नोंद एका सेकंदात ४४,१०० वेळा होते. हा आवाज काहीही न गाळता डब्ल्यूएव्ही फाइलीत ठेवला, तर एका मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. तासाभराची कॅसेट उतरवली तर सहाशे एमबीच्या वर. हाच आवाज फ्लॅक स्वरूपात ठेवला तर साधारण निम्म्या जागेत मावतो आणि त्यातला एक कणही हरवत नाही. कपडे घडी घालून पेटीत ठेवावेत, तसे. एमपी३ची रीत वेगळी आहे. कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग ती काढूनच टाकते. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये तासाभराचा आवाज ६० एमबीच्या आत बसतो. सोय मोठी आहे, पण जे काढून टाकले ते परत येत नाही. एमपी३ फाइल पुन्हा फ्लॅकमध्ये बदलली तर फाइल फुगते, आवाज सुधारत नाही.

भाषेच्या तासाला मी मुलांना हेच वेगळ्या शब्दांत सांगते. उर्दू उताऱ्याचे मराठी करा, मग मूळ उतारा न पाहता त्या मराठीचे पुन्हा उर्दू करा. आशय राहतो, लज्जत जाते. डब्ल्यूएमएचे एमपी३, त्या एमपी३चे आणखी लहान एमपी३ असे करत गेलो की प्रत्येक वेळी आवाज थोडा थोडा झिजतो. म्हणून नेहमी मूळ फाइलीवरूनच नवी प्रत करावी, प्रतीवरून प्रत करू नये.

हे तिलावतीच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे. से, सीन आणि साद यांतील फरक कानाने ओळखताना आवाजातील बारीक, उंच कंपने कामी येतात. फाइल फार लहान केली की सर्वांत आधी तीच कापली जातात. एएमआरमध्ये तर ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही. नाजरा शिकणारे मूल असा आवाज ऐकून तीनही अक्षरे एकसारखी म्हणू लागले, तर त्याला दोष कसा देणार? शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनचे पहिले रेकॉर्डिंग १९६१ साली इजिप्तमध्ये पूर्ण झाले. तिथून तो आवाज तबकडी, कॅसेट, सीडी असा प्रवास करत आपल्या मोबाइलवर आला. इतक्या वर्षांनंतरही मुले त्यावरून मखारिज शिकतात, कारण कोणीतरी मूळ रेकॉर्डिंग सांभाळले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सगळा साठा आधी जसाच्या तसा एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्या फोल्डरला 'मूळ' असे नाव द्या. त्याला पुन्हा हात लावायचा नाही. सीडी शाबूत असेल तर जुनी डब्ल्यूएमए फाइल बदलत बसू नका, सीडीवरूनच नव्याने फ्लॅक करा. काही जुन्या डब्ल्यूएमए फाइलींना कॉपी-संरक्षणाचे कुलूप असते, त्या बदलताही येत नाहीत. कॅसेट उतरवायची असेल तर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे.

स्वरूप बदलण्यासाठी कॉम्प्युटरवर फूबार २००० हा प्रोग्राम घ्या. तो आणि त्याचा एन्कोडर पॅक दोन्ही मोफत आहेत. शेकडो फाइली एकदम निवडून 'कन्व्हर्ट' म्हणता येते. नवी प्रत वेगळ्या फोल्डरमध्येच जाऊ द्या. आधी पाच फाइलींवर करून पाहा, कान देऊन ऐका, मग बाकीच्या लावा. बयान किंवा साधे बोलणे असेल तर ६४ केबीपीएस मोनो चालते. तिलावत आणि कव्वालीसाठी १९२च्या खाली जाऊ नका. शेवटी दोन्ही फोल्डरमधील फाइलींची संख्या जुळते का, ते मोजा.

ऑनलाइन कन्व्हर्टर मात्र टाळा. तिथे फाइल आधी परक्या सर्व्हरवर चढते. लग्नघरातील लेकी-सुनांचे आवाज असे कोणाच्याही हवाली करायचे नसतात.

नावांकडेही लक्ष द्या. सूरांच्या फाइलींना १, २, ३ असे नाव दिले तर बरेच स्पीकर १ नंतर १० आणि १०० वाजवतात. ००१ ते ११४ असे तीन अंकी नाव दिले की क्रम बसतो. काही स्वस्त स्पीकर नाव पाहतच नाहीत, ज्या क्रमाने फाइल पेनड्राइव्हवर गेली त्याच क्रमाने वाजवतात. अशा वेळी पेनड्राइव्ह रिकामा करून फाइली क्रमाने कॉपी कराव्यात. घरच्या रेकॉर्डिंगच्या नावात कोणाचा आवाज, कोणते साल, कोणता प्रसंग हे लिहा. आज आपण आवाज ओळखतो, नातवंडे ओळखणार नाहीत.

तिलावत आणि नात पुन्हा मिळतील, बाजारात नाही तर मित्राकडे. दादीअम्मांनी झोपवताना म्हटलेली लोरी मात्र जगात एकाच फाइलीत असते. ती फाइल आपल्याकडे अमानत आहे. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, एक आपल्याकडे आणि एक बहिणीकडे किंवा भावाकडे. इन्शाअल्लाह, तो आवाज पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल.