चष्म्याने न सुटणारा प्रश्न

शाळेतील नेत्रतपासणीत मुलांची विभागणी सोपी असते. काहींना चष्मा लागतो, बाकीच्यांना लागत नाही. चष्मा घालूनही ज्याला फळ्यावरचे अक्षर दिसत नाही, त्याचे काय करावयाचे हे मात्र कोणी ठरवून ठेवलेले नाही. ‘आळशी डोळा’ असा शेरा मारून त्याच्या एका डोळ्यावर पट्टी बांधली जाते, किंवा मूलच आळशी ठरते.

अशा मुलांपैकी काहींना रेटिनोस्कायसिस हा आनुवंशिक विकार असतो. दृष्टिपटलाचे थर एकमेकांना धरून ठेवणारे एक प्रथिन या मुलांत नीट तयार होत नाही. थर सुटतात आणि मधोमध, जेथे बारीक अक्षर वाचण्याची शक्ती असते तेथेच, चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी उमटते. दोष एक्स गुणसूत्रावरचा, म्हणून विकार जवळजवळ नेहमी मुलग्यांना होतो. ५ ते २५ हजार मुलग्यांमागे एक, असा त्याचा अंदाज दिला जातो. कारणीभूत जनुक १९९७ साली सापडले.

निदान झाले की आईबापांचा पहिला प्रश्न असतो : ऑपरेशन केव्हा? तो स्वाभाविक आहे. मोतीबिंदूने आपल्या समाजाला शिकविले आहे की, डोळ्याचे दुखणे म्हणजे शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रिया म्हणजे दृष्टी. येथे तो हिशेब लागू पडत नाही. सुटलेले थर टाक्याने शिवता येत नाहीत. डोळ्याच्या पोकळीत रक्तस्राव होऊन तो ओसरला नाही, दृष्टिपटल निसटले, किंवा तान्ह्या मुलात फुगलेला थर दृष्टीच्या आड आला, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. मुलांच्या डोळ्यातील गर दृष्टिपटलाला घट्ट चिकटलेला असतो. तो सोडविताना विरलेला पडदाच फाटण्याचा धोका असतो. खबरदारी म्हणून लेसरचे डाग देण्याचा उपायही अंगाशी येऊ शकतो. उलट, काही मुलांत फुगलेले थर आपोआप बसतात. डोर्झोलामाइडसारख्या थेंबांनी काहींच्या मध्यभागीची सूज उतरते, सर्वांची नव्हे. जनुकोपचाराचे प्रयोग चालू आहेत. त्यांपैकी एक २०१८ साली गुण न आल्याने थांबविण्यात आला, हे आशेवर कर्ज काढणाऱ्यांना सांगावयास हवे.

तेव्हा हात राखून ठेवणारा डॉक्टर निष्काळजी नसतो. परंतु ‘शस्त्रक्रिया नको’ याचा अर्थ ‘काहीच नको’ असा झाला, तर तो अन्यायच होय. नियमित तपासणी, डोक्याला मार बसेल अशा खेळांपासून दूर राहणे, अंगावर आलेल्या तिरळेपणाचा किंवा चष्म्याच्या नंबराचा वेळीच उपचार आणि वर्गात पहिला बाक, मोठे अक्षर, भिंग, परीक्षेत जादा वेळ, हे सर्व उपचारच आहेत. यातल्या बऱ्याच गोष्टींना यंत्र लागत नाही, शिक्षकाची समजूत लागते. पुष्कळ मुलांची दृष्टी मोठेपणी बरीच वर्षे स्थिर राहते. म्हणजे शिक्षणाची ही दहा-बारा वर्षे वाया घालविण्याचे कारण नाही.

अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याचे यश प्रामुख्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या आकड्यांत मोजले गेले आणि शाळेतील तपासणीचे चष्म्यांच्या वाटपात. ज्या मुलाची ना शस्त्रक्रिया होते ना चष्म्याने नजर सुधारते, ते कोणत्याच आकड्यात बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या खाली पण ३/६० पर्यंत असेल तर तिला अल्पदृष्टी मानले आहे. पण कायद्याचा लाभ प्रमाणपत्रावर आणि प्रमाणपत्र निदानावर अवलंबून असते. चष्म्याने नजर न सुधारणाऱ्या प्रत्येक मुलाला ठराविक मुदतीत दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडे पाठविणे शाळा व आरोग्य खाते यांना बंधनकारक केले, तर निम्मी वाट चालून होईल.

उरलेली वाट घरातली आहे. विकार बहुधा आईकडून येतो. मामा किंवा आजोबाही कधी असेच डोळे किलकिले करून वाचणारे निघतात. आईची स्वतःची नजर चांगली असते, म्हणून तिला ते ठाऊकही नसते. सून सदोष असल्याचा ठपका ठेवणारी सासरची माणसे हे विसरतात की, प्रत्येक मुलग्याला विकार होण्याची शक्यता निम्मी असते आणि ती कोणाच्या कर्तृत्वाने ठरत नाही. आनुवंशिक सल्ला म्हणजे हा दोषारोप थांबविणारे शास्त्र. तो मुलाच्या बहिणीलाही मिळाला पाहिजे, कारण वाहक असण्याची तिचीही शक्यता निम्मीच असते. आणि मिळावा तो ती सज्ञान झाल्यावर, तिच्या संमतीने, तिच्या लग्नाच्या बैठकीत नव्हे.