टेबलावरचा 'दगड'

मागच्या ट्रिपला मालवणच्या समुद्रात स्नॉर्केलिंग करताना मी एक छानसा 'दगड' तोडून आणला. वर्षभर तो रूमवर पेपरवेट म्हणून मिरवला. कॉन्व्हेंटमध्ये 'कोरल'चं स्पेलिंग पाठ केलं होतं, पण कोरल म्हणजे प्राणी, हे डोक्यात कधी शिरलंच नाही!

प्रवाळाचे इवलेसे जीव अंगाखाली चुनखडीचं घर बांधतात. त्यांच्या शरीरातलं सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, म्हणून त्यांना उथळ, स्वच्छ पाणी लागतं. पाणी फार तापलं की शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि बरेचदा उपाशी मरतं. मालवणला आढळणाऱ्या 'पोरायटिस'चे गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात. म्हणजे आपली डिग्री होईपर्यंत जेमतेम 4!

मालवण 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. 2001 पासून या प्रवाळांना कायद्यात वाघाच्या रांगेत बसवलंय. लोणारचा दगड कुणी पळवला तर आपण बुलढाणेकर भडकू ना?

माझा तुकडा परत समुद्रात टाकून जिवंत होणार नाही. पण यंदा ट्रिपला जाणाऱ्यांनो, प्लीज, प्रवाळावर पाय ठेवू नका आणि 'आठवण' म्हणून फक्त फोटो आणा.