बोटुकल्या मोजून नदी भरत नाही

एकाच वजनाचे दोन रोहू शेजारी ठेवले, एक नदीत जाळ्यात आलेला आणि दुसरा तळ्यात वाढवलेला, तर मासे विकणाऱ्या सराईत बाईला कोणता कुठला हे सहसा विचारावे लागत नाही. नदीचा मासा अंगाने बांधीव, शेपटीकडे निमुळता होत गेलेला असतो. तळ्यातला पोटाशी भरलेला आणि उंचीला जास्त असतो. शास्त्रज्ञ हाच फरक माशाच्या अंगावरील ठरावीक बिंदूंमधली अंतरे मोजून आकड्यांत मांडतात.

या फरकाची कारणे साधी आहेत. नदीतल्या माशाला प्रवाहाशी झुंजावे लागते, अन्न शोधावे लागते, शत्रूपासून पळावे लागते. तळ्यात पाणी संथ असते, कोंडा आणि पेंड वेळेवर मिळते, चरबी साठते. परदेशात सिमेंटच्या टाक्यांत दाटीने वाढवलेल्या ट्राउट, सामन या माशांचे परही झिजलेले आढळतात.

परिस्थिती शरीर किती बदलू शकते, याचे उत्तम उदाहरण स्वीडनमधल्या क्रुशियन कार्प या माशाचे आहे. शिकारी पाइक मासा असलेल्या पाण्यात त्याचे शरीर उंच होते, म्हणजे त्याला गिळणे अवघड जाते. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने हे दाखवून दिले. जात तीच, आकार वेगळा.

पण सगळाच फरक परिस्थितीचा नसतो. 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवले. त्यामुळे मत्स्यबीजासाठी नदीवर विसंबण्याची गरज उरली नाही आणि गावोगावी मत्स्यशेती उभी राहिली. मात्र बीज केंद्रात पिढ्यान्‌पिढ्या त्याच मोजक्या नर-माद्यांची पिल्ले वापरली, तर टाकीत तगणाऱ्या गुणांचीच निवड होत जाते. हे गुण रक्तात उतरतात. ते नदीत सोडल्याने धुऊन जात नाहीत.

खाणाऱ्याच्या दृष्टीने यात घाबरण्यासारखे काही नाही. स्वच्छ पाण्यात, चांगल्या खाद्यावर वाढलेला तळ्यातला मासा उत्तम प्रथिने देतो. प्रश्न उभा राहतो तो हे बीज नदीत सोडताना. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून देशातल्या नद्यांमध्ये बोटुकल्या सोडल्या जातात. हेतू चांगला आहे. पण सोहळ्याच्या बातमीत आकडा असतो तो किती लाख सोडल्या याचा. किती जगल्या, किती प्रवाहाविरुद्ध पोहून विणीच्या जागी पोहोचल्या, हे क्वचितच सांगितले जाते.

अमेरिकेतील ऑरेगनच्या हूड नदीतल्या स्टीलहेड ट्राउटचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त संगोपनाच्या दर पिढीमागे माशांची नदीतली प्रजननक्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. आपल्या रोहू-मृगळला हाच आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण इशारा स्पष्ट आहे. दुबळे बीज नुसते वाया जात नाही. उरलेल्या जंगली माशांशी त्याचा संकर झाला, तर त्यांचाही वंश दुबळा होऊ शकतो.

म्हणून नदीसाठीचे बीज आणि तळ्यासाठीचे बीज वेगळे धरायला हवे. नदीत सोडायच्या बोटुकल्यांचे आई-बाप त्याच नदीतून आणावेत, त्यांची संख्या पुरेशी असावी आणि ते वरचेवर बदलावेत. पिल्लांना काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवावे. सोडण्यापूर्वी नमुन्यादाखल काहींचा आकार आणि पर तपासावेत, काहींवर खूण करावी आणि पुढच्या हंगामात जाळ्यात किती सापडल्या याची नोंद भोई बांधवांकडून घ्यावी. यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा खर्च लागत नाही.

अर्थात धरणाखाली पाणीच वाहत नसेल आणि विणीची वाळू उपसली जात असेल, तर सुदृढ बीजही हरेल. ज्या शरीराला प्रवाहाने आकार दिला, त्याला जगायलाही प्रवाहच लागतो. मत्स्यबीजाच्या पिशव्यांइतकेच लक्ष त्या पाण्याकडे दिले, तरच सोडलेल्या बोटुकल्यांचे मासे होतील.