कोरडवाहू मुळीचे मोल

खानदेशातील वैद्यांना आणि फार्मसीचालकांना पावसाची ओढ म्हणजे काय, हे सांगावयास नको. २०१८ साली राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अनेक तालुके होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांच्या यादीत चाळीसगाव आणि शिंदखेडा ही नावे पुन्हा आली. अशा वर्षी आपल्यात चर्चा होते ती कच्च्या मालाच्या भावाची. पाण्याच्या ताणाने वनस्पतीच्या अंगी असलेल्या गुणांचे काय होते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. औषधाचा गुण हाच ज्यांच्या व्यवसायाचा पाया आहे, त्यांनी तो विचारलाच पाहिजे, असे आमचे मत आहे.

या विषयाचा आरंभ आपल्या ओळखीच्या पिकापासून झाला, हा एक योग. कपाशीची पातेगळ व बोंडगळ का होते, याचा शोध घेताना कॅलिफोर्नियातील ॲडिकॉट यांच्या गटाने १९६३ साली कोवळ्या बोंडांतून एक द्रव्य वेगळे केले. त्याच सुमारास वेल्समध्ये वेअरिंग यांचा गट झाडांच्या सुप्तावस्थेचा अभ्यास करताना त्याच द्रव्यापाशी पोहोचला. तेच आज ॲबसिसिक आम्ल या नावाने ओळखले जाते. गळ घडविण्यात त्याचा वाटा गौण असून त्याचे खरे कार्य अवर्षणाशी झुंजण्याचे आहे, हे पुढे स्पष्ट झाले.

जमीन कोरडी पडू लागली की वनस्पतीत हे संप्रेरक वाढू लागते. मुळांना लागलेली तहान पानांना कळते कशी, याचे एक उत्तर २०१८ साली जपानी संशोधकांनी दिले. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत मुळांकडून एक सूक्ष्म पेप्टाइड पानांकडे जाते आणि तेथे ॲबसिसिक आम्लाची निर्मिती वाढविते, असे त्यांना आढळले. हे आम्ल पेशीत कोणत्या ग्राहीवर बसते, हे २००९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखविले होते. ते ग्राहीवर बसताच एरवी लगामाचे काम करणारे विकर अडकून पडते आणि त्याने रोखून धरलेली दुसरी विकरे मोकळी होतात. पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतून मग क्षार व त्यामागोमाग पाणी बाहेर पडते, पेशी सैल पडतात आणि रंध्रे मिटतात. पाण्याचा व्यय थांबतो. त्याच वेळी पेशींत प्रोलिन, शर्करा व संरक्षक प्रथिने साठू लागतात.

परंतु रंध्र मिटले की कर्बवायूही आत येत नाही. वाढ खुंटते आणि सूर्यप्रकाशातून घेतलेली ऊर्जा पुरती खर्च न झाल्याने पेशींना अपाय करणारी क्रियाशील ऑक्सिजनद्रव्ये वाढतात. अशा वेळी जॅस्मोनिक आम्लासारखी अन्य संप्रेरकेही कामास लागतात, आणि अनेक वनस्पतींत अल्कलॉइड, टर्पीन व फिनॉल वर्गांतील द्रव्यांचे प्रमाण वाढते. चिकित्सेत आपण ज्यांच्या भरवशावर औषध देतो, त्यांतील पुष्कळशी द्रव्ये याच वर्गांतील आहेत.

यावरून 'दुष्काळ औषधीला हितकर' असा निष्कर्ष कोणी काढू नये. ताण मध्यम असेल तर प्रमाण वाढते, पण मुळीचे वजन घटते. ताण तीव्र झाला की दोन्ही बुडतात. शिवाय प्रत्येक वनस्पती आणि प्रत्येक द्रव्य सारखे वागत नाही. कोरफडीचेच पाहा. ती स्वभावतःच रात्री रंध्रे उघडून दिवसा मिटते. तिचा हिशेब अश्वगंधेला लागू पडणार नाही.

खरी अडचण बाजारात आहे. नीमच-मंदसौरकडून येणारी अश्वगंधा असो की आपल्याकडील, प्रत ठरते ती मुळीची लांबी, जाडी व पांढरेपणा पाहून. जाडी ही मुख्यतः पिष्टाची साक्ष देते, वीर्याची नव्हे. भाव जाडीला आणि वजनाला मिळत असेल, तर विहिरीला पाणी असलेला शेतकरी मूळ पिकालाही पाणी देत राहणार, त्यात त्याचा दोष नाही. कोरडवाहू शेतात बारीक पण गुणाने कदाचित सरस मुळी पिकविणारा मात्र तोट्यात जातो. हा अन्याय आपल्या खरेदीतून होतो, आणि त्याचे फळ अखेर रुग्णाच्या पदरी पडते.

आपल्या आचार्यांनी भूमिपरीक्षा सांगितली आहे. चरकाने कल्पस्थानात जांगल व साधारण देशांतील, योग्य काळी वाढलेली द्रव्ये घ्यावयास सांगितली, आणि मूळ, त्वचा, कंद, सार यांचे ऋतू वेगवेगळे दिले. सुश्रुताने सूत्रस्थानात या विषयासाठी स्वतंत्र अध्याय योजिला. त्यांना संप्रेरके ठाऊक होती, असा दावा करून त्यांचा गौरव वाढत नाही. द्रव्य कोठे वाढले व केव्हा काढले, हे विचारल्याखेरीज ते स्वीकारू नये, ही त्यांची शिस्त पाळण्यात खरा गौरव आहे. आजचे विज्ञान त्या शिस्तीचे एक कारण उलगडून दाखविते, इतकेच.

म्हणून फार्मसीचालकांना आमची तीन गोष्टींची विनंती आहे. शेड्यूल टी लागू झाल्यापासून कच्च्या मालाची नोंदवही आपण ठेवतोच. तीत गाव, काढणीचा महिना, जिरायत की बागायत आणि शेवटचे पाणी केव्हा दिले, असे चार रकाने वाढवावेत. दुसरे, अश्वगंधा, शतावरी यांसारख्या मूलद्रव्यांची खरेदी केवळ डोळ्यांनी न करता भेषजसंहितेतील अर्कांशाची चाचणी प्रत्येक खेपेला करावी, आणि शक्य असेल तेथे मुख्य कार्यकारी द्रव्याचे प्रमाणही तपासून घ्यावे. तिसरे, चाचणीत सरस ठरलेल्या कोरडवाहू मालाला वजनाची तूट भरून निघेल इतका वाढीव भाव द्यावा. वैद्यबंधूंनीही आपल्या पुरवठादाराकडे ही माहिती आग्रहाने मागावी.

खर्च वाढेल, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. परंतु चार रकाने भरण्यास खर्च नाही. दोन-तीन हंगामांच्या नोंदी चाचणीच्या आकड्यांशेजारी ठेवल्या, तर खानदेशच्या मातीत कोणत्या औषधीला किती पाणी मानवते, हे आपल्याला आपल्याच अनुभवावरून कळेल. तेवढे कळाले तर पावसाने ओढ दिलेल्या वर्षीही कोणता माल घ्यावा आणि कोणता परत पाठवावा, हे आपण भावफलकाकडे न पाहता ठरवू शकू.