थोमाचं शुभवर्तमान आणि आमच्या हॉलचं कुलूप

मागच्या महिन्यात आमच्या मंडळीच्या कमिटीने हॉलला कुलूप लावलं. कारण काय, तर आम्ही पंधरा-वीस जण दर शुक्रवारी संध्याकाळी तिथे बसून थोमाचं शुभवर्तमान वाचत होतो. मंडळीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका मंडळीचा नाही.

आधी माहिती, मग भांडण.

१९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ शेतकऱ्यांना जमिनीत पुरलेला एक रांजण सापडला. आत चामड्याच्या वेष्टनातल्या कॉप्टिक भाषेतल्या जुन्या पोथ्या होत्या. त्यातलंच हे एक पुस्तक. येशूच्या नावावरची ११४ वचनं, बस्स. जन्मकथा नाही, चमत्कार नाहीत, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. निम्म्याहून जास्त वचनं मात्र मत्तय, मार्क, लूकमध्ये या ना त्या रूपात आहेतच.

कमिटीचं म्हणणं : "हे पवित्र शास्त्र नाही." मान्य! शंभर टक्के मान्य. आम्ही कुठे ते वेदीवर ठेवून उपासना करतोय? नव्या कराराची २७ पुस्तकं तीच आहेत आणि तीच राहतील. पण लूक स्वतःच्या पहिल्याच ओळींत सांगतो की त्याच्याआधी पुष्कळांनी असं लिहायचा प्रयत्न केला होता. त्या काळात आणखी काय काय लिहिलं जात होतं, हे बघितल्याने लूक लहान होतो का?

दुसरं म्हणणं : "तरुण पोरं बहकतील." अहो, पोरं केव्हाच वाचून बसलीत. रात्री बारा वाजता, मोबाईलवर, एकटी. रील्स सांगतात की चर्चने 'खरं' शुभवर्तमान दडवलं आणि ३२५ साली निकियाच्या परिषदेत मतदान घेऊन बायबल ठरवलं. साफ खोटं. निकियात वाद झाला तो ख्रिस्ताच्या देवत्वावर, पुस्तकांच्या यादीवर नव्हे. २७ पुस्तकांची आजची यादी अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात दिसते. आणि थोमाचं नाव तर युसेबियससारख्या जुन्या इतिहासकाराने नाकारलेल्या पुस्तकांत उघड लिहून ठेवलंय. नाकारलं हे खरं, पण नावसुद्धा कळू दिलं नाही हे खोटं. तिसरी थाप : थोमा भारतात आला, म्हणून हे 'आपलं' शुभवर्तमान. भारतात आल्याची कथा 'थोमाची कृत्ये' या वेगळ्याच ग्रंथातली आहे.

हे सगळं त्या पोरांना सांगणार कोण? कुलूप?

आता हॉलमध्ये काय घडत होतं ते सांगतो. पेरणाऱ्याचा दाखला आला. आम्ही मार्कचा चौथा अध्याय शेजारी उघडून ठेवला होता. मार्कमध्ये पीक तीसपट, साठपट, शंभरपट. थोमात साठ आणि एकशेवीस. मार्कमध्ये येशू दाखल्याचा अर्थ समजावून सांगतो, थोमात अर्थच नाही, दाखला तिथेच संपतो. आमच्यातले एक काका, जन्मभर कोरडवाहू शेती केलेले, म्हणाले, "पेरणाऱ्याला अर्थ सांगावा लागत नाही, ऐकणाऱ्याला लागतो." मार्कचा तो अध्याय मी लहानपणापासून ऐकतोय. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला उघडला.

शेवटचं, ११४ वं वचन वाचलं तेव्हा सगळे गप्प. त्यात पेत्र म्हणतो की मरियेला आपल्यातून घालवून द्या, बायकांना जीवनाची योग्यता नाही. आणि येशूच्या तोंडी उत्तर असं की मी तिला पुरुष करीन! महिला मंडळाच्या मावशी फाटकन बोलल्या, "म्हणजे तिथंही आम्हाला बाहेरच काढत होते की!" हे पुस्तक स्त्रीमुक्तीचं म्हणून खपवणाऱ्या रील्सची हवा मावशींनी एका वाक्यात काढली. कुठला पाळकसाहेब हे करू शकला असता?

तिसरं म्हणणं सगळ्यात लागलं : "हे विद्वानांचं काम, तुमचं नाही." हे महाराष्ट्रात म्हणता? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. साध्या बायकांना कळावं म्हणून! छापलं केडगावला, मुक्ती मिशनमध्ये, तिथल्याच बायकांच्या हातांनी. १९२४ साली ते पूर्ण बाहेर आलं तेव्हा रमाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या बायकांना कुणी विचारलं होतं का, तुम्ही विद्वान आहात का म्हणून? प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयाच्या लोकांचं कौतुक आहे, कारण खुद्द पौलाचं बोलणंही ते रोज शास्त्र उघडून तपासत होते.

कमिटीतल्या वडीलधाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांची भीती खरी आहे. बाहेरचे लोक आधीच आपल्या श्रद्धेवर बोटं दाखवतात, त्यात घरातच फाटाफूट नको, असं त्यांना वाटतं. पण एक सांगतो. एकत्र वाचल्याने मंडळी फुटत नाही. प्रत्येकजण आपापल्या खोलीत, आपापल्या स्क्रीनवर वेगळं काहीतरी वाचतो आणि रविवारी शेजारी बसून काहीच बोलत नाही, तेव्हा ती आतून फुटलेलीच असते.

शुक्रवारची बैठक आता माझ्या ओसरीवर भरते. संध्याकाळी सात वाजता. नवा करार सोबत आणायचाच, ती आमची अट आहे. कमिटीच्या सभासदांनाही आमंत्रण आहे. येऊन समोर बसून आमचं चुकतंय ते दाखवा, आम्ही दुरुस्त करू.

हॉलची किल्ली तुमच्याकडे राहू द्या. चहा माझ्याकडे.