उतारा पाहिला, पण घर पाहिले का?

भडगावात जुने घर घेताना आपण सिटी सर्व्हेचा उतारा, बँकेचा बोजा, वारसांच्या सह्या नीट तपासतो. भिंतींचा मात्र नवा रंग पाहूनच इसार देऊन मोकळे होतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पायाला तडे तिथूनच जातात. धाब्याच्या कड्या वाळवी आतून पोखरते. रंगाखाली हे दिसत नाही.

दुर्लक्षाची किंमत भिवंडीने मोजली. १९८४ची जिलानी बिल्डिंग २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किमान ३८ जण गेले.

ऐब सांगूनच विकावे, ही दीनची शिकवण. पण म्हणून घेणाऱ्याने डोळे मिटू नयेत. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी, मग इसार. विकणाऱ्याला त्याचा राग आला, तर तेही एक उत्तरच समजा.